चार नंबरच्या भिंतीवर काय लिहिलं होतं

हणमंत गावडेला तुम्ही मारलंत.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की तुमचे वकील नावावरच बोलत बसतील आणि हणमंत बाजूला राहील. तुम्ही कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्या कागदावर सही करून तुम्ही कारखानदारांच्या डोक्यावरचं ओझं उतरवलंत, त्याची प्रत माझ्याकडे आहे. ते ओझं उतरून कुणाच्या डोक्यात पडलं, ते मी बघितलं आहे. तुम्ही बघायला आला नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका गुरुवारी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी सी-अठरा नंबरच्या केमिकल कंपनीत मॅनेजर पारखीची मान डाव्या हातात धरली होती आणि त्याचं तोंड शेडच्या भिंतीवर दाबलं होतं.

"वाच," मी म्हणालो.

"अंकुश, माझं ऐकून घे."

"वाच आधी."

"सगळं नियमाने आहे. फॉर्म भरलाय. ऑनलाइन आहे, माझ्या फोनमध्ये आहे, दाखवतो."

मी त्याचं तोंड भिंतीवर आपटलं. नाक मोडलं. तुरीची काटकी मोडावी एवढाच आवाज आला. भिंत अजून तापलेली होती, त्याचा गाल तिला चिकटला आणि मी ओढल्यावर सुटला. तो किंचाळला. आवारात दीडदोनशे माणसं होती. कामगार, माळावरच्या वस्त्यांमधली माणसं, बायका. कुणी पुढे आलं नाही. कुणीतरी माझ्या उजव्या हातात पाना दिला, नळाचे नट सोडवायचा मोठा पाना. तो कुणी दिला ते मी कोर्टात सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही.

पहिला घाव जबड्यावर. दुसरा खांद्यावर, कारण तो वळला. तिसरा डोळ्यावर. त्याचा डावा डोळा आजही काचेचा आहे.

आता हे का, ते ऐका. तीन आठवडे मागे जावं लागेल.

*

मी पेंटर. चित्रं काढणारा नव्हे, बोर्ड रंगवणारा. आठवीत शाळा सुटली आणि हातात ब्रश आला. आमच्या वाघजाईच्या माळावर एमआयडीसी झाली तेव्हा माझं नशीब उघडलं, कारण तेव्हा नियम असा होता की प्रत्येक केमिकल शेडच्या बाहेरच्या भिंतीवर, आत काय माल आहे आणि त्याच्याशी काय करायचं नाही, ते मराठीत लिहायचं. गेटवरून दिसेल असं. अक्षराची उंची नऊ इंच. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर यायचा आणि खिशातून पट्टी काढून माझी अक्षरं मोजायचा. साडेआठ भरलं तर पुन्हा काढायला लावायचा. पाकीटही घ्यायचा, ते मी नाकारत नाही. पण पाकीट घेऊनही पट्टी लावायचाच. मला त्याचा भयंकर राग यायचा.

दीडशे कंपन्यांच्या भिंतींवर माझा हात होता. आणि एक गोष्ट आत्ताच सांगतो. बोर्ड काढणारा माणूस वाचत नाही. तो अक्षर बघतो. 'ण'ची दांडी सरळ आली का, 'क्ष'चं पोट सुटलं का, ओळ दोऱ्याला धरून चालली का. कंपनीवाला चिठ्ठीवर लिहून देतो, आम्ही उतरवतो, ब्रश धुतो आणि पुढच्या भिंतीला लागतो. मागच्या भिंतीवर काय होतं ते कुणी विचारलं तर रंग सांगतो, मजकूर नाही. आमच्या धंद्यात हा दोष धरत नाहीत.

तर त्या फेब्रुवारीच्या शेवटी पारखीने मला बोलावलं.

"अंकुश, चार नंबर शेडची रस्त्याकडची भिंत. पूर्ण पांढरी करायची आणि वर स्वागत लिहायचं. पुढच्या आठवड्यात साहेब येतायत." साहेब म्हणजे तुम्ही.

"तिथं आधीचा बोर्ड हाय, साहेब. ऑइल पेंटातला."

"आता त्याची गरज नाही. चौदा रजिस्टरं होती, एक झालं. सात परवाने होते, एक फॉर्म झाला. आपणच भरायचा, आपणच सही करायची. तपासणी नाही, काही नाही. बोर्डाची अटही गेली."

"मग यादी कुठं लावायची?"

"कसली यादी? सगळं ऑनलाइन आहे. तू भिंतीचं बोल."

"खरवडून घेऊ? पॉलिश पेपर मारायला दोन दिवस जातील."

"वेळ नाही. वरूनच मार. डिस्टेंपर चालेल."

"ऑइलवर डिस्टेंपर धरत न्हाय साहेब. पाणी लागलं की उतरतो."

पारखी हसला. वाईट हसला नाही, साधा हसला. "मार्चात कुठलं आलंय पाणी?"

मी दोन हात डिस्टेंपर मारला. जुन्या लाल अक्षरांवरून ब्रश फिरला तेव्हा ती मी बघितली, वाचली नाहीत. दुसऱ्या हाताला ती पूर्ण बुडाली. वरून निळ्या रंगात नऊ इंचांऐवजी दीड फुटाची अक्षरं काढली. 'उद्योगाचे ओझे उतरवणाऱ्या साहेबांचे हार्दिक स्वागत.' इतकं सुबक काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

हणमंत गावडे माझ्या थोरल्या बहिणीचा, कमलअक्काचा नवरा. माझे दाजी. माळावरच्या अग्निशमन केंद्रात सतरा वर्षं नोकरी, बंबावरचा मुख्य. गडी बसका, गळ्याला जाड, बोलायला गोड. ते काम झालं त्या दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. अक्का भाकऱ्या थापत होती.

"पेंटर, आज कुनाचं तोंड पांढरं करून आलास?" दाजींनी विचारलं.

"सी-अठराचं. बोर्डाची अट गेली म्हनत्यात."

दाजींचा घास थांबला. "बोर्ड बी गेलं?"

"बी म्हंजी?"

"आरं, आमच्याकडं दर जानेवारीला यादी यायची. कुठल्या कंपनीत काय माल, किती, कुठल्या शेडात. ह्या साली आलीच न्हाय. मी विचारलं, तर म्हनं आता एकच फॉर्म, एकच जागा, कॉम्प्युटरात बघा. आमच्या स्टेशनात कॉम्प्युटर हाय. पासवर्ड न्हाय."

"मागा की."

"मागितला. वर कळवतो म्हनले." दाजींनी उसळीत भाकरी बुडवली. "मी म्हनलं जाऊ दे, बोर्ड तर हायत. आता तूबी ती पुसायला लागलास."

"मला काय, सांगतील ते करायचं."

"तसं न्हवं. दीडशे भिंती तुझ्याच हातच्या हायत न्हवं? मग आता रजिस्टर म्हंजी तूच. आग लागली की पयला फोन पेंटरला."

"करा की. सगळ्या भिंती डोक्यात हायत माझ्या."

"बघ हां. मेव्हन्याच्या भरवशावर बंब घालीन आत."

अक्का चुलीपासून म्हणाली, "जेवताना तरी बरं बोला."

आम्ही दोघं हसलो. मी आणखी अर्धी भाकरी घेतली.

तुम्ही आलात त्या दिवशी मी गर्दीत होतो. वसाहतीच्या हॉलमध्ये तुमचं भाषण झालं. धाक संपला, विश्वासाचं राज्य आलं, असं काहीतरी तुम्ही म्हणालात. सी-अठराचे पाच कामगार निवेदन घेऊन दाराशी आले होते. पोलिसांनी त्यांना पायऱ्यांवरून ढकललं, एकाचं डोकं कठड्यावर आपटून फुटलं. तुमची गाडी चार नंबरच्या भिंतीपुढून गेली. तुम्ही काच खाली केलीत, अक्षरं वाचलीत आणि भिंतीला हात जोडलेत. मला बरं वाटलं. माझ्या अक्षरांना एवढ्या मोठ्या माणसाने कधी हात जोडले नव्हते.

*

गुरुवारी वसाहतीला सुट्टी असते. सी-अठरात त्या दिवशी फक्त गेटवरचा वॉचमन होता, ठेकेदाराने दोन आठवड्यांपूर्वी आणून ठेवलेला. त्याला गेट उघडणं आणि गाडीचा नंबर लिहिणं येत होतं. दुपारी साडेतीनला तीन नंबर शेडमध्ये आग लागली. कशाने, ते आजवर कुणी सांगितलं नाही.

मी दोन किलोमीटरवर दूध डेअरीच्या भिंतीवर होतो. परांचीवर उभा राहून गाईच्या शिंगाला काळा लावत होतो. माळावर काळा धूर उठलेला मला दिसला. चार वाजून सात मिनिटांनी स्फोट झाला. त्याच्या आधी पाच मिनिटं काय झालं ते मी शेवटी सांगणार आहे. आत्ता माझ्याने होत नाही.

आवाज आधी आला नाही. आधी परांची हलली. मग कुणीतरी छातीत लाथ घातल्यासारखं झालं, आणि मग आवाज. धुराच्या पोटातून पिवळा जाळ वर आला. क्रोम पिवळा. तो रंग मी डब्यात शेकडो वेळा बघितला होता, आभाळात कधी नाही. त्यानंतर दुसरा स्फोट, आणि तिसरा. डेअरीच्या खिडक्या माझ्या पायाखाली फुटल्या.

मी मोटरसायकल कशी चालवली ते आठवत नाही. सी-अठराचं गेट उखडून रस्त्यात पडलं होतं. बंब एका कुशीवर कलला होता आणि त्याची पुढची चाकं जळत होती. बंबाचा ड्रायव्हर मोमीनभाई कुंपणाला टेकून बसला होता. त्याच्या दोन्ही हातांची कातडी कोपरापासून सुटून, काढलेल्या मोज्यासारखी मनगटाशी गोळा झाली होती. तो ती बघत होता.

"दाजी कुठायत?"

त्याने हनुवटीने दाखवलं.

चार नंबर शेडचं शटर निघून गेलं होतं. त्याच्या समोर वीस फुटांवर दाजी पडले होते. हेल्मेट डोक्यावर नव्हतं; ते नंतर पलीकडच्या लिंबावर सापडलं, त्यावर पिवळ्या रंगात मीच काढलेलं 'ह. गा.' तसंच होतं. चेहऱ्याचा खालचा भाग नव्हता. डोळे होते. अंगावर, गळ्यावर, छातीवर पांढुरके गोळे चिकटले होते आणि अजून चरचरत होते. मी ते हातांनी ओरबाडून काढायला लागलो. माझ्या बोटांची कातडी त्या गोळ्यांबरोबर निघाली. मला कळलं नाही. दाजींच्या घशातून एक आवाज येत होता, पाण्याचा नळ आटताना येतो तसा. मग तो थांबला. दोन्ही मुठी होज पाईपच्या तोंडाभोवती आवळलेल्या होत्या, त्या आम्हाला दवाखान्यातही सोडवता आल्या नाहीत. पाईप कापावा लागला.

त्यांच्याबरोबरचे दोघे, बाबर आणि कोळेकर, आत होते. त्यांचं मी काही लिहीत नाही. त्यांच्या घरची माणसं हे वाचतील.

मी परत मोमीनभाईपाशी गेलो. "कसं झालं?"

"तीनची आग चारला लागाय लागली हुती," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता त्याचा. "पत्रं तडकलं हुतं. हणमंता म्हनला, चारमधी काय हाय कळल्याबगार पानी सोडू नगा. वॉचमनला इचारलं, त्याला ठावं न्हाय. मॅनेजरचा फोन बंद. मग हणमंतानं फोन लावला कुनाला तरी. मी पंपापाशी, मला ऐकाय आलं न्हाय. फोन ठिवला अन् मला हात केला, सोड पानी."

"मग?"

"मग पानी सोडलं. पयला फवारा बाहेरनं मारला, भिंत गार कराय. आन् भिंत धुतली गेली."

"धुतली गेली म्हंजी?"

"बघ की तिकडं."

मी बघितलं. त्या वेळेपर्यंत मी भिंतीकडे बघितलंच नव्हतं. निळ्या अक्षरांचं स्वागत उतरून भिंतीच्या पायथ्याशी चिखल होऊन पडलं होतं. त्याच्याखालची लाल अक्षरं वर आली होती, नऊ इंची, ऑइल पेंटातली, आत्ता काढल्यासारखी ताजी.

'आत सोडियम. पाणी मारू नये. फक्त कोरडी वाळू.'

"हणमंतानं वाचलं," मोमीनभाई म्हणाला. "मी बघितलं त्याला वाचताना. वाचलं आन् पाईप फिरवला. पन पत्र्याच्या फटीतनं पानी आत गेलं हुतं. बाबर, कोळेकर आत शिरले हुते. त्येंला हाक मारत शटरकडं पळाला."

तेवढ्यात पारखीची गाडी आली. तो उतरला, फोन कानाला होता. जळणारा बंब, मोमीनचे हात, झाकायला काही नव्हतं म्हणून उघडेच पडलेले दाजी, एवढं सगळं बघून त्याने पहिलं वाक्य काय बोलावं?

"पाणी कुणी मारलं? चारमध्ये पाणी मारायचं नसतं एवढं कळत नाही या लोकांना?"

त्याला माहीत होतं. शेडमध्ये काय आहे आणि काय करायचं नाही, पाठ होतं त्याला. मी त्याची मान धरली आणि भिंतीशी नेलं. पुढचं मी वर लिहिलं आहे. त्यात एक राहिलं. तिसऱ्या घावानंतर तो खाली पडला, तेव्हा मी त्याला केसांना धरून पुन्हा उठवलं. तोंडातलं रक्त आणि दात गिळत, एका डोळ्याने त्याने वाचलं. मोठ्याने वाचलं, तिन्ही वाक्यं. मी म्हणालो, पुन्हा. त्याने पुन्हा वाचलं. पाच वेळा वाचायला लावलं आणि प्रत्येक वेळेला पाना खाली आला. पोलीस आले नसते तर मी त्याला मारून टाकला असता. मला ते हवं होतं. का हवं होतं ते कोर्टाला वाटलं तसं नव्हतं.

*

मला पाच वर्षं झाली, जिवे मारण्याचा प्रयत्न म्हणून. पारखी सुटला. कंपनी सुटली. चौकशीच्या अहवालात लिहिलं आहे की कंपनीने स्वयंघोषणेचा फॉर्म मुदतीत आणि पूर्ण भरला होता. एकवीस प्रश्न होते, एकवीस जागी होय. साठ्याची माहिती संगणकावर उपलब्ध होती. फलक लावणं बंधनकारक नव्हतं. अग्निशमन पथकाने साठ्याची खातरजमा न करता पाण्याचा वापर केला. म्हणजे चूक कुणाची, तर मेलेल्याची. दाजींच्या नावापुढे अहवालात 'निष्काळजी' असा शब्द आहे. सतरा वर्षांत ज्याने साध्या गवताच्या गंजीला आधी वास घेतल्याशिवाय पाणी मारलं नाही, त्याच्या नावापुढे.

तुरुंगात मी वाचायला शिकलो. अक्षरं येत होतीच. तिथल्या वाचनालयात मी पुस्तकं धरली. बोटं जळाल्यामुळे ब्रश धरता येत नव्हता, पेन धरता येत होतं. माहितीच्या अधिकारात तुमच्या कागदाची प्रत मागवली. चाळीस वेळा वाचली असेल. 'उद्योगांवरील अनावश्यक भार कमी करण्याच्या दृष्टीने खालील बाबी वगळण्यात येत आहेत.' खाली यादी. मी प्रत्येक बाबीचा अर्थ लावला. चौदातली नऊ रजिस्टरं खरंच बिनकामाची होती, हे मी कुणाहीपुढे सांगेन. एकच हजेरी तीन वह्यांत लिहायची, हे वेडेपणाचंच होतं. पण पाच कामाची होती. आणि यादीत अकराव्या नंबरला फलक होता. एका ओळीत. त्याच्या आधी शौचालयाच्या चुन्याची नोंद, त्याच्या नंतर कॅन्टीनच्या वजनकाट्याची. ज्याने ही यादी केली त्याने अकरावी ओळ लिहिली, वाचली नाही.

ते मला कळलं, कारण तो माझाच धंदा.

अक्का महिन्यातून एकदा भेटायला यायची. जाळीपलीकडे बसायची. दर वेळेला एकच विचारायची.

"मोमीन म्हनतो त्येंनी कुनाला तरी फोन केला हुता. मला न्हवता केला. मॅनेजरला न्हवता केला, मॅनेजरचा बंद हुता. फोन तर जळून गेला. अंकुश, शेवटचं ते कुनासंगं बोललं असतील रं?"

"काय म्हाईत, अक्का."

"त्या माणसाला मला एकदाच भेटायचं हाय. त्येंचा आवाज कसा हुता तेवढं इचारायचंय. भ्यालं हुतं का."

पाच वर्षं मी जाळीच्या अलीकडून म्हणालो, काय म्हाईत.

सुटलो त्या दिवशी तडक तिच्या घरी गेलो. ती भाकऱ्या थापत होती. मी उभ्यानेच सांगितलं. तेच आता तुम्हाला सांगतो. ज्या पाच मिनिटांबद्दल वर म्हणालो, ती ही.

चार वाजून दोन मिनिटांनी, मी परांचीवर असताना, माझा फोन वाजला. हात काळ्या रंगाने भरले होते. खांद्याने फोन कानाशी धरला.

"पेंटर, दाजी बोलतोय. सी-अठराला हाय. चार नंबरच्या भिंतीवर काय लिवलं हुतंस रं, पांढरं मारायच्या आधी?"

"चार नंबर?"

"रस्त्याकडंची. लवकर."

मी डोळे मिटले. लाल अक्षरं दिसली मला, खरंच दिसली. तीन ओळी, दांड्या सरळ. मजकूर दिसला नाही. तो लाल बोर्ड काढला त्याच महिन्यात सी-अठराच्या दुसऱ्या भिंतीवर काढलेलं एक आठवलं.

"विडी-सिगारेट वढू नये, असलंच कायतरी, दाजी."

"नक्की? पानी मारू का?"

मागून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. दाजी भ्यालेले नव्हते. घाईत होते, एवढंच.

"मारा की. माझ्याच हातचं हाय ते."

"बरं," दाजी म्हणाले, आणि हसलेसुद्धा थोडं. "रजिस्टर हायस खरं तू."

फोन बंद झाला. मी गाईचं दुसरं शिंग काळं करायला घेतलं.

म्हणून मी पारखीला पाच वेळा वाचायला लावलं. तो मेला असता तर भिंतीवरचं ते वाक्य त्याचं एकट्याचं झालं असतं, माझं राहिलं नसतं.

अक्काने ऐकून घेतलं. मग हातातलं पीठ तसंच ठेवून उठली आणि मला मारायला लागली. आधी हाताने. मग चुलीतलं लाकूड घेतलं, पेटतं होतं ते. पाठीवर, मानेवर, कानावर. मी हात वर केला नाही. माझा उजवा कान तेव्हापासून ऐकत नाही. दमली तेव्हा भिंतीला टेकून खाली बसली आणि बराच वेळ धापा टाकत राहिली. नंतर एवढंच म्हणाली, "म्हंजी भ्यालं न्हवतं."

"न्हाय, अक्का."

"जा आता."

सहा वर्षं झाली. त्यानंतर तिने मला दारात उभं केलेलं नाही.

माझा हिशेब झाला, साहेब. मी न वाचता लिहिलं, न वाचता पुसलं आणि न आठवता सांगितलं. तुरुंग भोगला, बोटं गेली, कान गेला, बहीण गेली. मी जे केलं ते माझ्या नावानिशी या कागदावर आहे: अंकुश निवृत्ती शेळके, पेंटर, वाघजाईचा माळ.

आता तुम्ही सांगा. सतरा वर्षं नोकरी केलेला माणूस आगीसमोर उभा आहे, त्याच्या हातात पाणी आहे, आणि आत काय आहे हे विचारायला त्याला या राज्यात एका रंगाऱ्याखेरीज कुणीच का उरलं नव्हतं?

ऑनलाइन आहे म्हणू नका. पासवर्ड कुणाकडे होता ते सांगा. अकरावी ओळ तुम्ही वाचली होती का, ते सांगा. वाचली असेल तर तसं लिहा आणि नसेल तर तसं लिहा, पण खाली तुमची सही करा. पत्ता वर दिला आहे. मी वाट बघतोय.